विहीणबाईंची कोंबडी

मालनबाईला काळजी करायला कारण लागत नाही. आभाळ स्वच्छ असलं तर घारीची काळजी, आणि भरून आलं तर विजेची. पारनेर तालुक्यातल्या एका माळावर तिची वस्ती. दोन गायी, थोडं कोरडवाहू रान, नवरा गोरक्षनाथ, मुलगा सुनील, सून निकिता आणि अंगणात कोंबड्या. गायी नवऱ्याच्या, रान मुलाचं, कोंबड्या मात्र तिच्या एकटीच्या. गोरक्षनाथ आल्यागेल्याला सांगतो, "हिला माझ्या आज्ज्याचं नाव ईचारा, सांगायची न्हाई. कोंबडीच्या पंजीचं ईचारा, घडाघडा सांगल."

यात काही खोटं नाही. तांबडी ही काबरीची लेक, काबरी चितरीची, आणि चितरीची आई मालनबाईच्या माहेराहून, तिच्या आईच्या खुराड्यातून आलेली. आई गेली. भावाने ते खुराडं मोडून तिथे मोटारसायकल उभी करायला जागा केली. माहेरचं म्हणून मालनबाईकडे आता काही उरलं असेल तर ते एवढंच, अंगणात माती उकरत फिरणारं. त्यामुळे एखादी कोंबडी नुसती शिंकली तरी हिच्या तोंडचं पाणी पळायचं. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

शिमग्याच्या सुमाराला तांबडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू लागली. मालनबाईने अंडी एकेक करून उन्हाकडे धरून पाहिली, टोपलीत राख आणि भुसा पसरला, विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून कडेला एक लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवला आणि तांबडीला वर बसवलं. अवकाळी पावसाची एक झोड येऊन गेली, त्या दिवशी ही टोपलीजवळून हललीच नाही. पुढे पिल्लं निघाली. जवळजवळ सगळी निघाली, हे नवल. बाजरीच्या बारीक कण्या, पाण्यात चिमूटभर हळद, दुपारी डालग्याखाली सावली. घरातल्या माणसांना जेवायला उशीर झाला तर चाले, पिल्लांना होत नसे.

याच दिवसांत वस्तीवरच्या बचत गटाच्या बायकांनी मानमोडीची लस आणायचं ठरवलं. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा काळ. कोंबडी पिसं फुगवून उभी राहते, हिरवं हगते, मान मुरगळते, आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. लसीची एक बाटली शंभर पाखरांची. एकदा कालवली की लगेच संपवावी लागते, उरलेली ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येकीने आपापल्या कोंबड्या डालग्यात घालून मारुतीच्या पारावर आणायच्या, म्हणजे एका बाटलीत सगळ्यांचं भागेल, असा बेत होता.

शेजारची कडूबाई हाक मारायला आली. "मालनबाई, चला. दवाखान्याचा मानूस येऊन बसलाय."

"साऱ्या वस्तीच्या कोंबड्या एका जागी?" मालनबाईने विचारलं. "कुनाच्या पाखराला काय असंल, कुनाला म्हाईत? माजी पिल्लं आत्ता कुठं निघाल्यात."

"आवं, डोळ्यात थेंब टाकायचा आन् घरी आणायच्या. तिथं काय मुक्काम करायचाय?"

"मी पुढच्या खेपेला येते."

कडूबाई जाता जाता म्हणाली, "अति शहाना त्याचा बैल रिकामा." मालनबाईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सगळ्या वस्तीच्या कोंबड्यांना लस झाली. ज्या बाईला कोंबड्यांची सगळ्यात जास्त काळजी, तिच्याच तेवढ्या राहिल्या.

पुढे थोड्याच दिवसांनी निकिता बाळंतपण आटोपून माहेराहून आली. माहेर संगमनेरजवळ. तिची आई राहीबाई लेकीला आणि नातीला घेऊन आळेफाट्यावरून जीपने आल्या. बाळाचं टोपडं, झबली, दुपटी, डिंकाचे लाडू, सगळा थाट होता. आणि राहीबाईंच्या काखेत, पाय सुतळीने बांधलेली, एक पांढरी कोंबडी.

मालनबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीच्या पायांवर पाणी घातलं, पण नजर होती ती काखेकडे.

"आवं इहीनबाई, हे कशाला?"

"लेकीला अशी रिकामी कशी धाडायची? घरचीच हाय. अंडी लई देती."

"तिकडं कोंबड्यांचा काय रोगबिग न्हाई ना?"

राहीबाईंनी नातीच्या टोपड्याची गाठ नीट केली. "न्हाई बा. कसला रोग?"

आता याच्यापुढे काय बोलणार? विहिणीने नातीबरोबर आणलेली कोंबडी परत पाठवणं म्हणजे तिचा चारचौघांत अपमान करणं, आणि तेही बाळ पहिल्यांदा घरात येतंय त्या दिवशी. मालनबाईने हसून कोंबडी घेतली आणि मागच्या बाजूला, गोठ्याच्या पलीकडे, वेगळ्या डालग्याखाली ठेवली. पाण्याला वेगळं भांडं दिलं. हात साबणाने दोनदा धुतले. राहीबाई ते ओसरीवरून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई डेअरीवर दूध घालायला गेली. तिथे दुधाची फॅट मोजायला वेळ लागला, वाटेत कोणी नातीची चौकशी केली. परत येऊन बघते तर अंगणात एका परातीभोवती सगळ्या कोंबड्या, तांबडी, तिची पिल्लं, आणि मधोमध ती पांढरी. शेजारी राहीबाई उकिडव्या बसून दाणे टाकत होत्या.

"एकटीच डांबून ठेवली हुती बिचारी," त्या कौतुकाने म्हणाल्या. "म्हनलं, एका परातीत खाऊ घालावं. एकदा संग खाल्लं म्हंजी मंग नव्याला कुनी टोचत न्हाई. आमच्याकडं असंच करत्यात."

नवी कोंबडी आली की मालनबाईही असंच करायची. तिच्या आईचीच ती रीत. ती पिल्लं गोळा करायला लागली. पिल्लं सापडेनात, हातातून निसटायची, पुन्हा परातीकडे पळायची.

त्यानंतरच्या सकाळी पांढरी पिसं फुगवून डोळे मिटून उभी होती. डालग्याखाली हिरवं पडलं होतं.

निकिता चहा घेऊन मागे आली. सासूला ती आत्या म्हणते. डालग्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "आत्या, एक सांगू? रागावू नका." आणि मग तिने सांगितलं. आईच्या कोंबड्या महिन्याभरात सगळ्या गेल्या होत्या. ही एक राहिली. आईने बजावलं होतं, सासरी बोलू नको.

मालनबाई ओसरीवर गेली तेव्हा राहीबाई नातीला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. मालनबाई भांडायची तयारी करूनच आली होती.

"मी तुमाला ईचारलं हुतं. तुमी न्हाई म्हनलात."

राहीबाईंचा हात थांबला. "म्हनले खरं," त्या म्हणाल्या. "एकामागून एक गेल्या, इहीनबाई. खुराड्यात ही एकटीच उभी हुती. शेजारीन म्हनली, मरायच्या आत कापून खा. माझ्यानं कापवंना. निकी सांगायची, आमच्या आत्या कोंबड्यांना लेकरावानी जपत्यात. मला वाटलं, तुमच्याकडं आणली तर एवढी तरी वाचंल."

या बाईने मालनबाईचं वाटोळं केलं होतं आणि ते तिच्यावर विश्वास ठेवून केलं होतं. कोणावर ओरडायचं? ती आत गेली, चुलीपुढे बसली, आणि पदराने तोंड दाबून रडली.

राहीबाई त्याच दुपारच्या एसटीने गेल्या. निघताना नातीच्या हातावर ठेवलेला हात त्यांना काढवेना.

मग सुरू झाले ते वाट बघायचे दिवस. मालनबाईने दवाखान्यातल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, आता लस देऊन भरवसा देता येणार नाही, आजारी वेगळ्या ठेवा, मेलेल्या खोल पुरा, भांडी धुवा, अंगणात चुना टाका. तिने सगळं केलं. परात उकळत्या पाण्यात घातली. राख पसरली, चुना पसरला. लसूण ठेचून भरवला. पांढरीकडे जायच्या चपला वेगळ्या ठेवल्या. गोरक्षनाथ म्हणाला, "मालन, बाळंतिणीची एवढी ठेप कुनी ठेवत न्हाई." पण हे म्हणताना तोही हसत नव्हता.

रोज सकाळी खुराड्याचं फळकुट काढण्याआधी ती कान लावून उभी राहायची. आत खडबड झाली की जीव भांड्यात पडायचा. मग एकेकीला बाहेर काढायचं, पोटाखाली बघायचं, डोळे बघायचे, मान बघायची. पिल्लू जरा मागे राहिलं की ही त्याला उचलून पुन्हा सगळं बघायची. जेवणावरून वासना उडाली. आठवडा असा गेला. सगळ्या खात होत्या, उकरत होत्या, तांबडी पिल्लांना घेऊन बांधापर्यंत जाऊन येत होती. मालनबाईने खंडोबाला नवस बोलला. तिला वाटायला लागलं, टळलं बहुतेक.

टळलं नव्हतं. एका सकाळी काबरी बाहेर आली नाही. दुसरीच्या चोचीतून लाळ गळत होती. मग काही हातात राहिलंच नाही. सुनील कुदळ घेऊन बांधाकडे जायचा, खड्डा काढायचा, परत यायचा तोवर दुसरी आडवी झालेली असायची. पिल्लांचं तर बघवत नव्हतं. ती तांबडीच्या पंखाखाली शिरायची आणि तिथेच राहायची. तांबडी उरलेल्यांना कुर्र कुर्र करून दाणे दाखवत होती. मग तिचीही मान फिरली. तांबडीला मालनबाईने कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः नेऊन पुरली. तिथे उभं असताना तिला आई गेली त्या दिवसाहूनही जास्त पोरकं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

वस्तीवर बाकी कोणाचं एक पाखरू गेलं नाही. लस झाली होती ना. कडूबाईच्या कोंबड्या बांधावरून ओरडत फिरायच्या. कडूबाई दोन दिवस भाजी घेऊन आली, बसली, इकडचं तिकडचं बोलली. पारावरच्या लसीचा विषय तिने काढला नाही. काढला असता तर मालनबाईला जरा बरं वाटलं असतं.

आणि ती पांढरी? ती मेली नाही. आठ-दहा दिवस मेल्यासारखी पडून राहिली, मग उभी राहिली. मान तेवढी कायमची वाकडी झाली. दाणा टिपायला गेली की चोच भलतीकडेच जायची, स्वतःभोवती गरगर फिरायची आणि पडायची. गोरक्षनाथ म्हणाला, "आता हिला तरी कशाला ठेवतीस? टाक मुरगळून."

मालनबाईलाही तेच वाटत होतं. तिने डालगं उचललं, पांढरीची मान हातात धरली. कोंबडीने चोच उघडली. तिला वाटलं असावं, खायला आणलंय. मालनबाईने मान सोडली. मग घरात जाऊन तिने बाजरीच्या पिठाचा घाटा कालवून आणला.

राहीबाईंचा फोन निकिताच्या मोबाईलवर रोज यायचा. नात झोपली का, दूध पिते का, एवढंच. कोंबड्यांचं नाव त्या काढत नव्हत्या आणि निकिताही सांगत नव्हती. मालनबाई तिकडे न बघता आपलं काम करायची. महिना झाला असेल, एका दुपारी निकिताने फोन पुढे केला. "आत्या, आईला तुमच्याशी बोलायचंय."

मालनबाई अंगणात बसली होती. पांढरी तिच्या मांडीवर होती.

"इहीनबाई," पलीकडून आवाज आला, "माझ्या जिवाला चैन न्हाई. खरं सांगा. तुमच्या कोंबड्या...?"

मालनबाईने समोर बघितलं. खुराड्याचं फळकुट उघडंच होतं, चुन्याचे पांढरे डाग अजून गेले नव्हते. निकिता बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती.

"बऱ्या हायेत," मालनबाई म्हणाली. "समद्या बऱ्या हायेत."

"आन् माझी?"

"ती बी हाय. खाती."

पलीकडे राहीबाई रडायला लागल्या. "मला वाटलंच हुतं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी ह्यांना म्हनले बी हुते, इहीनबाईंच्या हातात पाखरू मरायचं न्हाई."

"व्हय," मालनबाई म्हणाली. तिने फोन सुनेला दिला, डाव्या हाताने कोंबडीची मान सरळ धरली आणि घाट्याची पुढची गोळी तिच्या चोचीत घातली.