किती बसले?

कावेरीअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा ओट्यावरचा ग्राइंडर इडलीचं पीठ वाटत फिरत होता आणि तो बंद करायचंही मला सुचलं नाही. त्यांचा भाचा मोहन सांगत होता... दुपारी जेवल्या, रसम छान झालं म्हणाल्या, खिडकीशी खुर्चीत जाऊन बसल्या, त्या तशाच. नव्वदीला आलेल्या बाईला याहून चांगलं मरण कुठलं! तरी मी रडले, भरपूर रडले. त्याला आता दोन महिने होऊन गेले. पण अक्कांची आठवण काढायला बसले की त्या एकट्या येत नाहीत, खिडकीसमोरची आमची मराठी शाळा बरोबर घेऊन येतात.

तमिळ मुलखातल्या आमच्या पुरसवाक्कमच्या एका गल्लीत ती शाळा. तंजावरकडून कधीकाळी इथे येऊन राहिलेली मराठी घरं आणि रेल्वे, बँकांतून बदलीवर आलेले आमच्यासारखे लोक, अशा दोघांनी मिळून चालवलेली. कौलारू छप्पर, लाल सिमेंटची गार जमीन, अंगणात कडुनिंब. अक्का तंजावरच्या, पहिलीच्या वर्गाच्या बाई. मी लग्न होऊन साताऱ्याहून आलेली. मुग्धा, आमची लेक, तीन वर्षांची झाली तेव्हा विजयादशमीला तिला घेऊन शाळेत गेले. इथे मुलाचं शिक्षण सुरू होतं ते याच दिवशी. ताटात तांदूळ पसरायचे आणि मुलाचं बोट धरून त्यात पहिलं अक्षर लिहायचं. मला हे कुठलं ठाऊक! मी आपली माहेरच्या रीतीने पाटीवर सरस्वती काढून, वर झेंडूचं फूल ठेवून नेली होती. अक्कांनी ती पाटी कौतुकाने ताटाशेजारी मांडली आणि दोन्हींना हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात मुग्धाने तांदळात दोन्ही हात घालून मुठीमुठीने ते व्हरांडाभर उधळले. मी लाजेने लाल होऊन वेचायला लागले. "असूं दे गे नीला," अक्का म्हणाल्या, "आधीं खेळून घेऊं दे लेकराला. अक्षर कोठें पळून जातें?" जुन्या वळणाचं ते मराठी आणि वर तमिळ हेल! संध्याकाळी तेच तांदूळ धुऊन, गूळ घालून शिजवून त्यांनी घरोघर पाठवले. माझ्या वाटीत एक खडाही आला, तो मी मुकाट्याने बाजूला काढला.

पुढे आपापली मुलं आम्ही सगळ्यांनीच इंग्रजी शाळांत घातली. वर्ग एकत्र झाले, मग वरचा मजला बंद झाला, मग एका एप्रिलनंतर शाळा उघडलीच नाही. बाकं कुणी कुणी नेली. कौलं घसरली, पारवे आले, भिंतीतून पिंपळ फुटला. शाळेच्या समितीने किल्ली अक्कांकडे ठेवली, कारण त्या समोरच राहायच्या. समितीला वाटलं, म्हातारी कुलूप सांभाळील. म्हातारीने विजयादशमीला ते सरळ उघडलं, व्हरांडा झाडला, पायरीवर तांदळाच्या पिठाचं कोलम घातलं आणि तांदळाचं ताट घेऊन बसली! "एक पोर बसलें की साळ चालू," हा त्यांचा कायदा. मीही सोबतीला बसले. दुपार होत आली तरी कुणी फिरकलं नाही. अक्का ताटातले तांदूळ नुसते सारखे करत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावणारा सेल्वम आपल्या कविताला घेऊन आला. कविताने बोटाने ऐटीत तमिळ अक्षर काढलं. समितीचे एक गृहस्थ तेव्हा नेमके डोकावले होते. मराठी शाळेत तमिळ अक्षर म्हटल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "बोट तिचें, अक्षर तिचें. साळ मात्र माझी." गृहस्थ पुन्हा काही आले नाहीत.

त्यानंतर एकही वर्ष कोरं गेलं नाही. कधी तीन मुलं, कधी एकच. भाषेचं म्हणाल तर तेलुगूसुद्धा. गुडघ्यांनी दगा दिल्यावर अक्का माडीवरच्या खिडकीत बसायच्या आणि ताटापुढे मी बसू लागले. काम आटोपलं की वरून हाक यायची, "किती बसले?" मी खालून बोटं दाखवायची. मग त्या समाधानाने जेवायला उठायच्या. काय सुंदर दिसायच्या तेव्हा!

आता शाळेच्या फाटकावर पाटी लागली आहे. इमारत धोक्याची झाली म्हणून पोंगल झाला की पाडणार. मोहनने किल्ली आणि ताट दोन्ही माझ्याकडे आणून दिलं. दसऱ्याला सकाळी मी निघाले तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता कोणासाठी?" मी ताट काखेत घेतलं. झाडलोट केली, माझं नेहमीचं वाकडंतिकडं कोलम घातलं आणि बसले. दहा वाजले, अकरा वाजले... मीही तांदूळ सारखे करायला लागले. तेवढ्यात फाटक वाजलं. सेल्वमची कविता! ओरगडमच्या कारखान्यात लागलेली, रात्रपाळी करून तशीच युनिफॉर्ममध्ये आलेली, कडेवर लेक. "टीचर अम्मा?" तिने खिडकीकडे बोट दाखवून विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने डोळे पुसले आणि खाली बसून लेकीला ताटापुढे घेतलं. पोरीने आधी दोन्ही मुठी भरून तांदूळ उधळले. मी एक दाणा उचलला नाही. मनासारखं खेळून झाल्यावर तिने आईच्या हाताने अक्षर काढलं.

त्या दोघी गेल्यावर मी कुलूप लावलं आणि सवयीने वर पाहिलं. मोहनने माडी भाड्याने दिली आहे. अक्कांच्या खिडकीत शोळिंगनल्लूरच्या कुठल्याशा कंपनीत काम करणारी एक मुलगी कानाला ते हेडफोनचं यंत्र लावून बसली होती. माझा हात वर गेलाच. एक बोट. ती आधी गोंधळली, मग हसली, आणि तिनेही एक बोट वर केलं.

घरी येऊन मी तांदूळ धुतले आणि गूळ किसायला घेतला.