अध्याय पुन्हा पहिल्यापासून

"तुला कोणी वाचायला सांगितलं गं?"

पार्ल्यातला काकूंचा ब्लॉक, आई त्यांच्याकडं भांडी घासायची. श्रावणातलं पारायण. मी सातवीत, स्वयंपाकघराच्या दारात उभी. आत आई प्रसादाची पातेली घासत होती. वाचता वाचता काकूंना ढास लागली. पाणी दिलं तरी थांबेना. अध्याय मध्येच तोडायचा नसतो, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. म्हणून मी पुढे झाले आणि पोथीतली पुढची ओळ वाचली. मोठ्यानं. स्वच्छ.

काकूंनी पोथी माझ्यासमोरून ओढली. पदरानं पान पुसलं. मी पानाला हातही लावला नव्हता.

"सुमन, घेऊन जा हिला आत," त्यांनी आईला हाक मारली.

"हौस बघा पोरीची!" कोणीतरी हसलं.

मग ढास थांबली तशी काकूंनी अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. माझी ओळ धरलीच नाही.

आईनं मला मोरीपाशी ओढलं. "गप रव गो. तेंचो देव, तेंका वाचूंदे."

गप राहिले. वर्गात उत्तर येत असून हात वर गेला नाही. कॉलेजात तोंडी परीक्षेला घसा बंद. पदवी मिळवली, आमच्या घरातली पहिली. पण मरोळच्या ऑफिसात मुद्दे मी लिहायचे आणि मीटिंगमध्ये बोलायचा शेजारच्या टेबलावरचा. शाबासकी त्याला.

एक दिवस तीच पोथी विकत आणली. भक्ती-बिक्ती काही नाही. राग. बघू तरी, माझ्या तोंडानं काय बाटतं ते. सकाळी कुकर लावायचा आणि ओट्यापाशी उभं राहून वाचायचं. आधी पुटपुटत. मग शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं.

तो अध्याय आला. त्यात एक थरथरणारा माणूस होता आणि देव त्याला सांगत होता, भीती टाक, उभा राहा. भांडी घासणारीच्या पोरीनं हे वाचू नये, असं कुठंच नव्हतं. काकू वर्षानुवर्षं हेच वाचत होत्या. आणि माझ्या एका ओळीला घाबरल्या!

यंदा पारायणाआधी आईकडं काकूंचा निरोप आला. डोळ्यांना दिसत नाही, वाचायला कोणी मिळत नाही, शिकलेली मुलगी पाठव. खाली चटईवर बसून वाचेल.

मी फोन लावला. "वाचीन, काकू. पण पाटावर बसून. आणि आई बाहेर बायकांत बसून ऐकेल. त्या दिवशी भांडी तुमची तुम्ही बघा."

"शिंगं फुटलीत गं तुला."

"फुटली. मग?"

त्यांनी फोन ठेवला. आईनं सगळं ऐकलं होतं. "माझा काम जायत गो."

"जाऊ दे. मी कमावते ना."

घसा अजून अडतो. आताही, हे सांगताना. अडू दे. उद्या मीटिंग आहे, आणि मुद्द्यांचा कागद शेजारच्याच्या हातात जाणार नाही. मी पहिल्यापासून सुरू करणार नाही. जिथं मला तोडलं, त्याच ओळीपासून पुढं वाचणार. मोठ्यानं.