बरोबरीत सोडवलेली कुस्ती

सरोजिनीबाई तत्त्वज्ञान शिकवतात, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे काय शिकवतात, हे विचारायच्या फंदात मात्र कुणी पडत नसे. स्टाफरूममध्ये चहाचा कप पुढे सरकवत कुणीतरी हटकून म्हणायचं, "काय मॅडम, देव आहे की नाही, लागला का निकाल?" त्या म्हणायच्या, "सुनावणी चालू आहे." हे उत्तर त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी दिलं होतं. आता केस पांढरे व्हायला आले, तरी प्रश्न तोच होता आणि त्यावरचं हसणंही तेच.

त्यांचा विभाग म्हणजे त्या एकट्या. जिन्याखालची खोली, एक कपाट, आणि जिन्यावरून धडधडत जाणारी वाणिज्य शाखा. माहेर मिरजेचं, सासर कोल्हापुरातच, राजारामपुरीतलं. दोन्हीकडे मास्तर आणि वकील. बोलणं हळू, पण माघार न घेणारं. त्या नोट्स देत नसत, प्रश्न देत. त्यामुळे जुलैत भरलेला वर्ग दिवाळीपर्यंत इतिहासाकडे पांगायचा. उरत ते मोजके, आणि त्यांतली एखादीच अशी असे, की तिच्यामुळे बाईंना पुढचं वर्ष ढकलता यावं.

या वर्षी ती निशिगंधा होती. बिद्रीजवळच्या गावातून एसटीनं येणारी, घरच्यासारखंच 'मी येतो, मी जातो' म्हणणारी. पहिल्या वर्षी ती शेवटच्या बाकावर बसून नुसती ऐकायची. तिसऱ्या वर्षी ती बाईंना अडवू लागली. "असं कसं, मॅडम?" ती म्हणायची, आणि बाई खडू खाली ठेवायच्या. तिला एम.ए. करायचं होतं. घरी मात्र गारगोटीकडचं स्थळ आलं होतं. मुलाचा दुधाचा धंदा, वीस म्हशी, स्लॅबचं घर.

तिचे वडील हंबीरराव कॉलेजात आले, तेव्हा बाईंनी त्यांना जिन्याखालच्या खोलीत बसवून चहा दिला. माणूस उग्र नव्हता, उलट अदबीनं टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"आमी काय जुलूम करत न्हाय, बाई," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बसवून विचारलं तिला. हो म्हणाली. मग?"

सगळ्यांसमोर म्हणजे आजोबा, चुलते, मामा आणि मध्यस्थ यांच्यासमोर, हे निशिगंधानं बाईंना आधीच सांगितलं होतं. बाईंनी वाद घातला नाही. गुरुवारी तत्त्वज्ञान दिन आहे, तुमची लेक स्टेजवर उभी राहणार आहे, तेवढं ऐका आणि मग काय ते ठरवा, एवढंच त्यांनी मागितलं. हंबीररावांनी विचार केला. तोडणीची टोळी रानात होती, उसाचा ट्रॅक्टर दुपारी भरायचा होता. पण शब्द दिला. "येतो. दुपारचं मात्र परतायला पायजे."

तत्त्वज्ञान दिन कॉलेजात दरवर्षी व्हायचा तो एका फलकापुरता. या वर्षी पोरांनी बाईंकडून खरा कार्यक्रम काढून घेतला होता. वादविवाद म्हटलं की कुणी फिरकणार नाही, म्हणून निशिगंधानंच कल्पना काढली होती, प्रश्नांची कुस्ती. स्टेजवर ताडपत्री अंथरून तालमीतली लाल माती टाकायची, हलगी लावायची, आणि दोघांनी मातीत उतरून एकमेकांना प्रश्न घालायचे. ज्याला उत्तर सुचणार नाही, त्यानं जमिनीला हात टेकायचा. विषय होता, माणूस आपला निर्णय आपण घेतो का. यशराज म्हणून वर्गातला एक मुलगा होता, मंगळवार पेठेतला, तालमीत वाढलेला. सगळं आधीच ठरलेलं असतं, ही त्याची बाजू. त्यानंच माती आणली.

शेवटचा डाव निशिगंधाचा होता. तो प्रश्न यशराजला नव्हता. त्याच्याकडे पाठ करून, समोर बसलेल्यांकडे बघत तिनं तो विचारायचा होता: ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला काय किंमत? हा प्रश्न तिचा तिनं काढला होता. रंगीत तालमीच्या वेळी तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा बाई खुर्चीवरून उठल्या. खिडकीशी जाऊन सायकल स्टँडकडे बघत राहिल्या.

गुरुवारी हंबीरराव खरंच आले. स्वच्छ पांढरा शर्ट, टोपी, मोबाईल खिशात. तिसऱ्या रांगेत कडेला बसले. बाईंनी कार्यक्रम असा आखला होता की कुस्ती आधी आणि भाषणं मागून. पण प्राचार्यांनी सकाळीच तो फिरवला. प्रमुख पाहुणे उदयसिंह सरकार, संस्थेचे जुने संचालक, कुस्तीचे मोठे शौकीन. त्यांना पोरांच्या कार्यक्रमासाठी ताटकळत ठेवणं बरं दिसत नव्हतं. शिवाय सत्काराला फेटे आले होते.

बाईंनी पुस्तकं देऊन सत्कार करावा असं सुचवलं होतं. प्राचार्य म्हणाले होते, "मॅडम, बिनफेट्याचा पाहुणा कोल्हापुरातून परत गेलेला कुणी बघितलाय का?" त्यामुळे स्टेजवर बसलेल्या प्रत्येकाला फेटा बांधणं सुरू झालं. फेटेवाला सराईत होता. पण फेटा घाईनं बांधता येत नाही. एकेक पीळ बसायचा, तुरा निघायचा, टाळ्या पडायच्या, फोटोवाला पुन्हा हात जोडायला लावायचा. माती मागं ताडपत्रीवर वाळत होती. बाई विंगेत उभ्या राहून तिसऱ्या रांगेकडे बघत होत्या. हंबीररावांनी एकदा मोबाईल काढून बघितला. मग दुसऱ्यांदा. मिरजेहून बोलावलेल्या प्राध्यापकांना प्राचार्यांनी कानात सांगितलं की जरा आवरतं घ्या. ते बिचारे प्रस्तावनेतच उरकून बसले.

मग उदयसिंह सरकार उठले. माणूस मोकळा, आवाज माईकशिवाय पोचणारा. तत्त्वज्ञान म्हणजे काय तर तत्त्व, आणि तत्त्व म्हणजे दिलेला शब्द पाळणं, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि तिथून जे आखाड्यात शिरले ते शिरलेच. कोणत्या मैदानात कुणी कुणाला आस्मान दाखवलं, हे ऐकताना सभागृह खुलत गेलं. हंबीररावसुद्धा पुढे सरकून बसले. बाईंना त्या माणसाचा राग येईना, आणि तेच त्यांना असह्य होत होतं. चूक अशी कुणाचीच नव्हती, आणि वेळ तर चालला होता.

हंबीरराव उठायच्या बेतात असतानाच हलगी कडाडली.

निशिगंधा आणि यशराज मातीत उतरले. दोघांनी माती कपाळाला लावली. पहिला प्रश्न यशराजनं घातला. तू या घरात, या गावात, या जातीत जन्मलीस, ते तू ठरवलंस का? निशिगंधा म्हणाली, नाही, पण तू आत्ता मला विचारतोयस, ते तुझ्या आजोबांनी ठरवलं का? पोरांनी शिट्ट्या मारल्या. हंबीरराव पुन्हा मागे टेकून बसले. प्रश्नावर प्रश्न चढत गेला, हलगीचा ठेका वाढत गेला. पोरगी घाबरत नव्हती. ती शब्द शोधत नव्हती, शब्द तिला सापडत होते. शेवटी यशराजनं अवघड पेच टाकला, तिनं तो सोडवला, आणि हलगी एकदम थांबली. ठरल्याप्रमाणे निशिगंधा वळली. तिनं तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

नेमके तेव्हाच उदयसिंह सरकार खुर्चीवरून उठले.

जन्मभर ज्यानं मैदानं बघितली, त्याला हलगी थांबली म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. कुस्ती लांबली, दोघं तोडीस तोड, आता पंचानं मध्ये पडायचं. ते तसेच बुटासकट मातीत आले, दोघांची मनगटं धरली आणि दोन्ही हात वर केले. "बरोबरीत सोडवली," त्यांनी जाहीर केलं. डोक्यावरचा फेटा उतरवून त्यांनी स्वतःच्या हातानं निशिगंधाच्या डोक्यावर ठेवला. सभागृह उठून उभं राहिलं. प्राचार्यांनी त्या टाळ्यांतच आभार मानले आणि जेवण तयार असल्याचं सांगितलं.

निशिगंधाचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. फेटा कानांवर आला होता.

बाई गर्दीतून वाट काढत पोर्चमध्ये पोचल्या, तेव्हा हंबीरराव मोटारसायकल काढत होते. त्यांचे डोळे ओले होते.

"बाई, उपकार झाले," ते म्हणाले. "उदयदादांनी माझ्या पोरीचा हात धरला. गारगोटीच्या पावण्यांना फोटो धाडला बघा. लई खूश हायत."

"तिचा शेवटचा प्रश्न राहिला," बाई म्हणाल्या. "तो ऐकायलाच तुम्हाला बोलावलं होतं."

"राहू दे की. हरली न्हाय न्हवं?" त्यांनी टोपी नीट केली. "तुमी म्हणालासा तसं समदं ऐकलं. आता रविवारी सुपारी फोडतो, तुमीबी या."

प्रश्न बाईंना पाठ होता. तो आत्ता, इथं, त्यांच्या तोंडावर विचारता आला असता. पण तो निशिगंधाऐवजी बाईंच्या तोंडून आला, तर त्यांनीच पढवलेला ठरणार होता. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न द्यायची सवय लागलेल्या बाई तिथं नुसत्या उभ्या राहिल्या. मोटारसायकल फाटकातून बाहेर पडली.

सभागृहात निशिगंधा ताडपत्रीवरची माती सुपलीनं घमेल्यात भरत होती. फेटा खुर्चीवर ठेवलेला होता. बाईंना वाटलं, रडली असेल. जवळ जाऊन बघितलं तर ओठ आवळून ती मातीतले बुटांचे ठसे मोडत होती.

"खूश होऊन गेले," बाई म्हणाल्या. "रविवारी सुपारी."

"व्हय, फोन आलता आईचा." तिनं घमेलं बाजूला सरकवलं. मग पैलवान घेतात तशी मूठभर माती घेऊन दोन्ही तळहातांना चोळली. "मॅडम, बरोबरीत सोडवलेली कुस्ती परत लावता येती. आज घरात लावतो. तिथं हलगी नसंल, एवढंच."

"मी येऊ?"

तिनं मान हलवली. "नको. तुमी आलासा तर ते सत्कारच करतील."

ती हात न धुताच एसटीसाठी निघाली. बाई तिच्या मागं दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या, कारण आतून प्राचार्य हाक मारत होते. पेपरला द्यायच्या फोटोत विभागप्रमुख हवेतच. खुर्चीवरचा तो फेटा फेटेवाल्यानं तोवर उचलला होता. बाई नको नको म्हणेपर्यंत त्यानं पहिला पीळ त्यांच्या डोक्यावर घट्ट बसवला.