फ्रिजच्या दारातली टहरौली

शरयू गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, नेहानं केला तेव्हा मी झाशीच्या मानिक चौकात उडदाची डाळ घेत होते. पिशवी दुकानातच राहिली. त्या दिवशी मी खूप रडले, आणि ते रडणं खरं होतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणाला शंका येईल म्हणून.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. तिचं घराणं पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडं आलेलं. माझे वडील रेल्वेतले, भुसावळहून बदलीवर आलेले. सबंध स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. "तुम्हा रेल्वेवाल्यांचा बिस्तरा बांधलेलाच असतो," ती चिडवायची. "शिट्टी झाली की निघालात." मी हसायची. झाशीत कायमचं राहायचा माझा विचार नव्हताच, आणि तिला ते ठाऊक होतं.

एका मे महिन्यात टहरौली गावाजवळच्या माळावर सगळं करपून गेलेलं असताना सरफोंक्याची रानटी झुडपं तेवढी हिरवी दिसली. पावसाळ्यात परत जाऊन आम्ही ती मुळांसकट खणली. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. नखानं गाठ चिरली की आत गुलाबी. या गाठींत जिवाणू राहतात. हवेतलं नत्र धरून ते झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवतं. हे जिवाणू आम्ही काचेच्या नळ्यांमध्ये वाढवले. विरजणासारखंच त्यांचं असतं, दर थोड्या महिन्यांनी नव्या नळीत लावावे लागतात, नाहीतर मरतात. टहरौलीचे जिवाणू मात्र भलतेच चिवट निघाले. भर उन्हाळ्यातल्या कुंडीत, उडदाच्या मुळांवरही त्यांच्या गाठी धरायच्या. मी ते लिहून पाठवलं आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं बोलावणं आलं... जिवाणू घेऊन या, इथंच काम करा.

त्याच उन्हाळ्यात कॉलेजचा फ्रिज बंद पडला. माझ्या सगळ्या नळ्यांवर बुरशी चढली. पण आमचा रिवाज होता, एक संच नेहमी दुसरीच्या घरी ठेवायचा. मी रिक्षा करून शरयूकडं धावले. तिनं दारातच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्याही गेल्या गं, सुधा."

पावसानंतर आम्ही पुन्हा टहरौलीला गेलो. त्या माळावर दगडाचा क्रशर सुरू झाला होता. आजूबाजूचा सरफोंका खणून आणला, पण त्यातले जिवाणू उन्हात तगेनात. शरयू दरवेळी माझ्याबरोबर बसनं यायची, मी खणताना माझ्या डोक्यावर छत्री धरायची. पुण्याच्या पत्रांचा सूर बदलला, मग पत्रंच थांबली. सुधाबाईंनी आकडे घरच्या चुलीवर शिजवले, असं कॉलेजात कुणीतरी बोललंही. ते मला शरयूनंच येऊन सांगितलं, आणि माझ्या बाजूनं ती भांडलीसुद्धा.

तेराव्यानंतर नेहाचा पुन्हा फोन आला. "मावशी, फ्रिजमध्ये आईच्या काही शीशियां आहेत. फेंकून देऊ का?"

मी गेले. फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्यामागं, कापसाचे बोळे लावलेल्या नळ्या उभ्या होत्या. चिठ्ठीवर शरयूचं अक्षर, 'टहरौली, सरफोंका', आणि खाली, इतक्या वर्षांनंतरही, याच वर्षातला महिना. आत दुधाळ, चिकट रेघ. जिवंत.

"आई किचनमध्ये गॅस पेटवून हे नव्या शीशीत लावायची," नेहा म्हणाली. "मी पंखा बंद करायची, हवा नको म्हणून. आई बोलायची, मावशीची अमानत आहे."

"मग मला का दिली नाही?"

नेहानं फ्रिजचं दार लोटलं. "मी पूछा होता एकदा. आई बोलली, दिली तर सुधा पुण्याला जाईल. फिर झाँसी में मराठी किससे बोलूँगी."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शत्रूनं केलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण जिनं केलं तिनंच उन्हात माझ्यावर छत्री धरली होती, आणि तेव्हा माझे जिवाणू तिच्या कोथिंबिरीमागं सुखानं जगत होते. मी तिला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही.

नळ्या आता माझ्या फ्रिजच्या दारात आहेत. मरू द्याव्यात, असं मनात येऊन गेलं. पुण्यात आता मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही, आणि माझंही जायचं वय राहिलं नाही. तरी काल सकाळी मी गॅस पेटवला, पंखा बंद केला आणि सुई लाल होईपर्यंत आचेवर धरली. नव्या नळीत रेघ ओढताना हात हलू नये म्हणून सवयीनं बोलत राहिले, पूर्वी आम्ही दोघी बोलायचो तशी. "शरयू, बिस्तरा माझा बांधलेला होता ना गं?" म्हटलं. "मग मला इथं अडकवून तूच कशी निघालीस?"

पंखा बंद होता. घरात मराठीत उत्तर देणारं कुणी नव्हतं. मी नळीला बोळा लावला आणि चिठ्ठीवर महिना लिहिला.