बंदूकवाल्या आबांची हद्द

आबांच्या भुईमुगात रानडुकरं शिरली की आबा बंदूक घेऊन निघत, पण डुकरांकडे जात नसत. ते आधी हद्दीच्या दगडाकडे जात. म्युनिसिपालिटीचा तो दगड त्यांच्या वावराच्या मधोमध होता. घर, विहीर आणि भुईमुगाचा एक पट्टा शहराच्या हद्दीत, बाकीचं वावर बाहेर. डुक्कर आतल्या पट्ट्यात असेल तर आबा पत्र्याचा डबा बडवून त्याला दगडापलीकडे हाकलत, स्वतः दगड ओलांडत, शहराकडे पाठ करत आणि मग बंदुकीच्या चापाला हात लावत. एवढं होईपर्यंत डुक्कर बहुधा नदीकाठच्या बाभळींत पोहोचलेलं असे. आबा बंदूक खांद्यावर टाकून परत येत आणि म्हणत, "डुकराले हद्द समजस नही. माले समजस."

या माणसाला आमच्या शहरात पुढे लोक 'हद्द मोडणारा' म्हणू लागले. ते खोटं होतं, आणि त्या खोट्याचं मूळ मी होतो. म्हणून हे लिहायला बसलो आहे. शहर खानदेशातलंच. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक शहराची नव्हती. स्वातंत्र्याच्या आधीच्या दहा वर्षांतली ही हकीकत. मी तिथल्या म्युनिसिपालिटीत कारकून होतो, नवा लागलेला.

आबांची माझी ओळख एका प्रश्नावरून झाली. एके दिवशी धोतर-पगडीतले, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ कचेरीत आले आणि हेडक्लार्कसमोर उभे राहिले. "साहेब, मी हद्दीमा हुभा शे आनि डुक्कर हद्दना भाहेर शे. बार काढू का नको?" सगळी कचेरी हसली. हेडक्लार्कांनी मला नियमांचं पुस्तक काढायला लावलं. त्यात एकच ओळ होती. लेखी परवानगीवाचून शहराच्या हद्दीत कोणी बंदूक उडवू नये. उभं कुठे राहायचं, डुक्कर कुठे हवं, छर्रा कुठे पडायला हवा, काहीच लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. आबा बोटांवर मोजत म्हणाले, "मंग मी बी भाहेर, डुक्कर बी भाहेर, छर्रा बी भाहेर. बठ्ठं भाहेर. चालई ना, भाऊ?" मी म्हटलं, चालेल. त्या दिवसापासून मी त्यांचा 'भाऊ' झालो.

बंदूक ठासणीची होती. पिकाच्या रक्षणासाठी म्हणून धुळ्याच्या कलेक्टर कचेरीतून परवाना मिळालेला. तो कागद आबा पत्र्याच्या नळीत घालून ठेवत आणि बंदुकीबरोबर नळीही काखेत असे. त्यांना बाळबोध अक्षर बोट ठेवून वाचता येई, पण परवान्यातल्या अटी तोंडपाठ होत्या. शेजारचे मळेवाले थट्टा करायचे.

"आबा, डुकराला आधी समन्स धाडा."

"धाडं व्हतं भो. त्याना पत्ता सापडना नही."

बार काढण्याआधी आबा तीन हाका देत. "बार शे रे, बार!" तीन दिशांना तीन वेळा, सावकाश. त्यामुळे उरलंसुरलं डुक्करही पळून जाई. मी एकदा विचारलं तेव्हा कारण कळलं. तरुणपणी त्यांनी घाईत एक बार काढला होता. त्यातला एक छर्रा गाडीवाटेने पाणी घेऊन जाणाऱ्या बाईच्या डोक्यावरच्या घागरीला लागला. घागर फुटली, बाई नखशिखांत भिजली आणि हसायला लागली. आबा मात्र बांधावर खाली बसले ते तासभर उठले नाहीत. "ती हासनी," ते मला म्हणाले, "पन एक वीत खाले लागता ते?" त्यानंतर हाकेशिवाय बार नाही.

हिवाळ्यात मी सुटीच्या दिवशी त्यांच्या वावरात जाऊन बसत असे. त्यांची मुलगी, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, ओल्या शेंगा उकडून आणायची. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं; मला त्या गावात घरचं असं दुसरं कोणी नव्हतं.

मग शहराची हद्द वाढली. सरकारचा हुकूम आला आणि आबांचं सगळं वावर, नदीकाठापर्यंत, हद्दीत गेलं. नवे दगड पावसाळ्यानंतर बसायचे होते, पण हुकूम लगेच लागू होता. नव्या हद्दीत दवंडी पिटवायची, जमीनमालकांना समज द्यायची आणि तसा रिपोर्ट करायचा, हे काम माझ्याकडे आलं. नेमकी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. खानदेशात आखाजीला कोण कामावर असतं? लेकी माहेरी गेलेल्या, सालदारांची सालं संपलेली, दवंडीवालाही आपल्या गावी गेलेला. माझी बायको दोंडाईच्याला माहेरी होती आणि मला तिला आणायला जायचं होतं. मी रिपोर्ट लिहिला. "दवंडी पिटविली. संबंधितांस समज दिली." चार दिवसांनी परत आलो की प्रत्यक्ष जाऊन सांगू, असं ठरवलं आणि मोटारीत बसलो. चार दिवस सासुरवाडीला आमरस खाल्ला.

परत आल्यावर मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करताना रिपोर्टावर साहेबांची सही झाली, आणि मग सांगायला जाणं म्हणजे रिपोर्ट खोटा होता असं कबूल करणं झालं. श्रावणात एकदा गेलो. आबांनीच विषय काढला. "भाऊ, हद्द वाढनार म्हनतस, खरं का?"

मी म्हटलं, "अजून वेळ आहे, आबा."

मी असं म्हणालो होतो, हे गेल्या महिन्यापर्यंत मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आश्विनात भुईमूग काढणीला आला. एके सकाळी, दिवस चांगला वर आलेला असताना, डुकरांचा कळप वावरात शिरला. आबांनी नेहमीसारखा दगड ओलांडला, तीन हाका दिल्या, बार काढला. एक डुक्कर पडलं. नदीच्या अंगाला त्या वर्षी एक नवा बंगला झाला होता. त्याच्या मालकांनी तक्रार केली. दुपारपर्यंत बंदूक आणि पत्र्याची नळी, दोन्ही पोलिसांकडे गेली.

मॅजिस्ट्रेटसाहेब सरळ माणूस होते. ते म्हणाले, हद्द वाढल्याची समज या माणसाला दिलेली नसेल, तर गुन्हा धरता येणार नाही. दिली असेल, तर परवाना रद्द होईल. सगळं माझ्या रिपोर्टावर आलं. मला साक्षीला बोलावलं. मी शपथ घेतली आणि म्हणालो, "होय, दवंडी पिटवली. मी स्वतः हजर होतो."

आबा माझ्याकडे बघत होते. याच भाऊने श्रावणात आपल्या बांधावर बसून 'वेळ आहे' म्हटलं, एवढं त्यांनी सांगितलं असतं तर मी संपलो असतो. वकिलाने त्यांना विचारलं, तुम्ही दवंडी ऐकली का? आबा म्हणाले, "माले ऐकू उनी नही. भाऊ म्हनस ते पिटी व्हई. मना कान म्हातारा व्हयना."

परवाना रद्द झाला, बंदूक सरकारजमा झाली. दंडही झाला. बाहेर पडताना कोणीतरी म्हणालं, "लोकांना कायदा शिकवायचे, स्वतः हद्द मोडली." ते चिकटलं. आबांचं घर 'हद्दमोड्याचं घर' झालं. मुलं त्यांच्या तीन हाकांची नक्कल करू लागली. डुकरांनी त्या वर्षी उरलेला भुईमूग मुळासकट उकरला. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

चार-पाच महिन्यांनी आबा भर दुपारी कचेरीत आले. माझ्या पुढ्यात कोरा कागद ठेवला आणि बसले. आजूबाजूला जेवणाच्या सुटीमुळे कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "आबा, तुम्ही कोर्टात का बोलला नाहीत?"

"तुनं घरमा पोरगं येनार व्हतं ना? मनी बंदूक गयी. तुनी भाकर जाती. भुईमूग पुढला साले परत येस."

मला मान वर करवेना. त्यांनी तो कोरा कागद आणखी पुढे सरकवला. मग म्हणाले, "खोटं लिखानं तुले येस. आते खरं लिखी दखाड."

त्यांना बंदूक परत मागायची नव्हती. त्यांना नियम हवा होता. हद्द वाढते तशी वाढू द्या, पण वावरं हद्दीत आली, डुकरंही आली, मग कुणब्याने काय करायचं तेही लिहून ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही तो अर्ज आठ दिवस लिहीत होतो. मी मोठे शब्द घालायचो, आबा काढायला लावायचे. स्वतःच्या जमिनीत, पिकाच्या रक्षणापुरतं, लेखी परवानगीने, फक्त दिवसा. रस्ता आणि वस्तीकडे पाठ करून. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून. आणि तीन हाका देऊन. ही शेवटची अट मी गाळली होती. आबांनी बोट ठेवून वाचत वाचत ती जागा बरोबर शोधली आणि घालायला लावली.

अर्ज सभेपुढे गेला तेव्हा आबांना बोलावलं होतं. एक मेंबर आबांच्या बाजूनेच तावातावाने बोलले. जमीन ज्याची त्याची, डुक्कर कोणाचंच नाही, मग परवानगी हवीच कशाला? आबा उभे राहिले. "असं नको, दादा. जमीन मनी शे, पन वारा मना नही. छर्रा वारामाईन जास." बंगल्याचे मालकही तिथे होते. त्यांनी पहिल्यांदाच आबांकडे नीट पाहिलं. पुढे त्यांनीच त्या अर्जाला पाठिंबा दिला. दीड-दोन वर्षं गेली, दोन अटी बदलल्या, पण नियम झाला. आजूबाजूच्या मळेवाल्यांना परवानग्या मिळाल्या.

आबांना मिळाली नाही. बंदुकीचा परवाना पुन्हा मागितला की धुळ्याहून एकच उत्तर येई, पूर्वी शिक्षा झालेली आहे. ती शिक्षा पुसणारा माणूस जगात एकच होता, आणि तो कचेरीत बसून आबांचे अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून देत होता. कोर्टातलं माझं खोटं भीतीचं होतं, ते एखादे वेळी माफ होईल. हे दुसरं मी वर्षानुवर्षं थंड डोक्याने केलं. पोरं लहान आहेत, मग बढती आहे, मग पेन्शन आहे. आबांनी एकदाही मला त्याबद्दल विचारलं नाही.

पण ते घरी बसून राहिले नाहीत. परवानगीवाल्या चार मळ्यांनी पाळ्या लावून घेतल्या. ज्याची पाळी तो आपल्या बंदुकीने सगळ्यांची वावरं राखायचा. आणि हाका द्यायला सगळे आबांना बोलवायचे, कारण त्यांच्याइतका खणखणीत आवाज कोणाचा नव्हता. बंदूक दुसऱ्याची, हाक आबांची. जे थट्टा करायचे तेच आता म्हणत, "आबा आले का? मग काढा बार." त्या नियमाखाली मी होतो तोवर शहरात कोणाला इजा झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. डुकरं मात्र बरीच वाचली, हेही खरं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात आबा गेले. आठवडाभर ताप होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली, तो शाळेत कितवीला आहे ते विचारलं. आकडा ऐकून समाधानाने डोळे मिटले. त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि निघालो.

आता मी मुलाकडे जळगावला असतो. गेल्या महिन्यात त्याला म्हटलं, मला एकदा तिकडे सोड. वावर आता राहिलेलं नाही, चारी बाजूंनी घरं झाली आहेत. अक्का आहे, माझ्याहून थोडी लहान. मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. आखाजी, रिपोर्ट, श्रावणातलं वाक्य, शपथ. संपल्यावर अक्का म्हणाली, "बा जित्ता व्हता तवय याले पाह्यजे व्हतं तुम्ही."

"हो," मी म्हटलं.

"माले लोके अजून हद्दमोड्यानी पोर म्हनतस."

ती आत गेली. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात ती नातवाची वही आणि पेन घेऊन आली. "लिखा. म्युनिसिपालिटीले एक, धुळाले एक, माले एक."

मी लिहायला लागलो. पहिलीच ओळ तिने सुनेकडून वाचून घेतली आणि मला थांबवलं. "आबा नका लिखू. आबा त आपुन म्हनूत. कोर्टना कागदवर पुरं नाव शे, ते लिखा."

मी नवं पान घेतलं. आरोपी म्हणून ते नाव माझ्यासमोर कोर्टात पुकारलं गेलं होतं. माझ्या हाताने मी ते अर्जाखेरीज कधी लिहिलं नव्हतं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, ठळक अक्षरात लिहिलं. पुढे लिहिलं की या गृहस्थांना कोणतीही समज देण्यात आलेली नव्हती. खाली माझी सही केली. अक्काने कागद सुनेच्या हातात दिला.

"वाच," ती म्हणाली, "पुरं नाव वाच."