घोड्याच्या हाडाची सुई

एर्मेते बोल्सीने चाळीस वर्षं डुकराच्या मांड्या हुंगल्या आणि त्यावर घर चालवलं, मुलगा वाढवला, शिवाय गावात दरारा कमावला. इटलीतल्या पार्मा शहराच्या वरच्या डोंगरउतारावर मांडी वर्ष-दीड वर्ष मिठात आणि वाऱ्यावर मुरते. कापण्याआधी तिच्यात घोड्याच्या हाडाची सुई पाच ठिकाणी टोचायची, दर वेळी नाकाखाली धरायची आणि निकाल द्यायचा. या हाडाला वास चटकन लागतो आणि चटकन उडतो. नोकरी संपली तरी गावात लग्न असो की बाप्तिस्मा, एर्मेतेने "गोड आहे", म्हणजे नासलेलं नाही, असं म्हटल्याशिवाय फळीवर मांस चढत नसे.

गेल्या जानेवारीत त्याला ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. चुलीवर दूध करपलं तरी पत्ता नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. बसून विचार केला, आणि विचार काही मूर्खाचा नव्हता. नासलेल्याला चांगलं म्हटलं तर माणसं आजारी पडतील आणि नाव जाईल. चांगल्याला नासलेलं म्हटलं तर नुसती मांडी जाईल. तेव्हापासून तो हुंगे, डोळे मिटे आणि मान हलवे. "हाडाशी आंबलंय." शेजारच्या ओविदियोने स्वतः वाढवलेल्या डुकराच्या दोन्ही मांड्या अंजिराखाली पुरल्या आणि वर एर्मेतेचे आभार मानले. म्हातारा कडक झालाय, असं लोक कौतुकाने म्हणू लागले.

सून इल्दे कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. दूध करपलं तेव्हा तो चुलीशेजारीच बसलेला तिने पाहिला होता. तिच्या लग्नात एर्मेतेने तिच्या बापाने, सांतेने घरी केलेली सलामी, म्हणजे आतड्यात भरून वाळवलेलं डुकराचं मांस, सगळ्या पाहुण्यांसमोर हुंगून "कुत्र्यालासुद्धा विचारून घाला" म्हटलं होतं. तेव्हा नाक शाबूत होतं, म्हणजे ते खरंही असेल. सांते पुन्हा या घरात जेवला नाही. मरण्याआधी त्याने एक मांडी मुरत घातली आणि सांगितलं, "तुला मूल झालं की बाप्तिस्म्याला काप."

मूल झालं. रविवारी चर्चमधून आल्यावर इल्देने फळी मांडली. सलामीच्या तिरप्या चकत्या, मानेच्या मांसाचे पातळ काप, बोथट सुरीने फोडलेली चीजची ढेकळं. मध्ये जागा मोकळी.

"मामंजी, सुई लावता ना? तुमच्यासाठीच खोळंबलंय."

"खोळंबू दे. तुझ्या बापाला घाई फार होती, त्याचं काय झालं बघितलंस ना."

कोणी हसलं नाही. इल्देने सुईची डबी पुढे केली. सुई तिने दोन दिवस लोकरी कोटांच्या खणात डांबरगोळ्यांत ठेवली होती. सुईवाला आधी रिकामी सुई हुंगतो, हे तिला ठाऊक होतं.

एर्मेतेने सुई नाकाशी धरली. शेजारी बसलेल्या एका मावशीने खुर्ची मागे सरकवली. त्याचा मुलगा, इल्देचा नवरा फाउस्तो शिंकला. एर्मेतेने पुन्हा एकदा, सावकाश श्वास ओढला.

"स्वच्छ," तो म्हणाला.

मांडीला टोचायच्या आत इल्देने त्याच्या हातातून सुई काढून घेतली आणि आरतीचं तबक फिरवावं तशी टेबलाभोवती फिरवली. ओविदियोने सगळ्यांत जास्त वेळ हुंगली.

"डांबरगोळी," तो म्हणाला. "एर्मेते, माझ्या त्या दोन मांड्या..."

"आंबल्या होत्या."

"त्यातली एक कुत्र्याने उकरून आठवडाभर खाल्ली. मला वाटलं, कुत्र्याचं पोट दगडाचं."

आधी मावशी हसली, मग सगळेच. फाउस्तोही हसला, बापाचा मुलगा म्हणून थोडा उशिरा. इल्देने एप्रनमधून दुसरी सुई काढली, पाच ठिकाणी टोचली, हुंगली. लगेच कापायला घेतलं. मधली जागा भरली. वडीलधारा म्हणून पहिली बशी तिने सासऱ्यापुढे ठेवली.

त्याने काप तोंडात घातला. मीठ लागलं, त्यापलीकडे काही नाही.

"कसं आहे, मामंजी?"

सगळे थांबले. "गोड" म्हटलं असतं तर कदाचित तिथेच सुटला असता. पण सांतेला मरणानंतरही गोड म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

"हाडाशी आंबलंय," तो म्हणाला.

हसण्याने बाळ जागं झालं. इल्देने सासऱ्याची बशी उचलली, उरलेले काप फळीवर नीट लावले आणि व्हिनेगरमध्ये मुरलेल्या कांद्यांची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"मग हे खा. हे आंबटच असतात."