पायाळू डॉक्टर

"लाथ मिळणार नाही!" आमचे डॉक्टर वॉर्डात शिरताना नमस्काराऐवजी हे म्हणत. दोष त्यांचा नव्हता. ते जन्मले पायाकडून, म्हणजे पायाळू; आणि पायाळूची लाथ बसली की कमरेतली उसण पळते, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागतं का? भिलाईत कारखाना उभा होत होता आणि अर्ध्या विदर्भाच्या कमरा तिथं धरल्या होत्या. बातमी फुटली तशी रांग लागली, ती थेट दुर्ग स्टेशनापर्यंत. खोटं वाटतं? बरं, अलीकडच्या कोहक्यापर्यंत धरा.

मी तेरा वर्षांची असताना पाइपांच्या ढिगावरून घसरले आणि बसल्या बसल्या खाली आपटले. तिथं जो खड्डा पडला, त्यात पुढं पाण्याची टाकी बांधली म्हणतात. मला उठता येईना. डावा तळवा बधिर.

आईनं मला बाजेसकट दवाखान्यात नेलं. "एकच लाथ मारा ना जी डॉक्टरसाहेब, हलकीशी! पोरगी उभी होऊन जाईन."

"बाई, पोरगी हाये का फुटबॉल?"

त्यांनी माकडहाडाच्या वर बोट टेकवलं. मी अशी किंचाळले, की भोंगा झाला समजून अर्धी शिफ्ट घरी गेली.

एक्स-रेत काहीच दिसेना. आईला जोर चढला. "फोटो तं साफ हाये. आता तरी मारा!"

"फोटोत पोटातला वायू दिसून राहिला. हाड त्याच्यामागं लपलं. मले पोरीच्या बोंबलण्यावर जास्त भरवसा हाये."

यंत्राची नळी तिरपी करून त्यांनी पुन्हा फोटो काढला. हाडाला उभी चीर! "लाथ बसली असती तं पायाच्या नसा गेल्या असत्या."

आईचा जोर उतरला. "आता चालन का जी हे?"

"हाड तं जुळते. नसांचं पाहू."

मग नुसतं पडून राहणं. रोज डॉक्टर माझ्या डाव्या तळव्यावर कोंबडीचं पीस फिरवत, आणि माझं लक्ष तिकडं जाऊ नये म्हणून गोष्ट रचत. पीस कळायचं नाही. गोष्टीला हसू यायचं नाही. डॉक्टर एकटेच हसत, आणि आई भिंतीकडं तोंड करून डोळे पुसे.

एके सकाळी गोष्टीतला वाघ साहेबाच्या जीपमध्ये बसून ड्युटीवर निघाला. गेटवर शिपायानं अडवलं, "पास दाखव!" तेव्हा वाघ म्हणाला...

मी फस्सकन हसले.

"अवं, हसायचं अजून आलं नाही!"

"गुदगुल्या होऊन राहिल्या ना जी!"

डॉक्टरांनी पीस छताकडं उडवलं आणि खाटाखाटांमधून असे नाचले, की प्लास्टरातली माणसंसुद्धा ताल धरू लागली. आई रडत होती की हसत होती, तिलाच ठाऊक.

मी चालले, पळाले, पुढं कबड्डीत भल्याभल्यांना लोळवलं. डॉक्टरांची बदली झाली. मग कधीतरी ते गेल्याचंच कळलं. वाघ काय म्हणाला, ते त्या आनंदात राहूनच गेलं. नातवंडांना मी रोज नवं उत्तर ठोकून देते. पण तुम्हाला म्हणून खरं सांगते, वाघ अजून गेटवरच उभा आहे.